पुंगळीची शीळ

नंदगड, ता. खानापूर
१२ फेब्रुवारी २०२४

धर्माण्णांस भावकूचा रामराम.

अण्णा, आधी खुर्चीत नीट बसा. चष्मा पुसा. आता वाचा. मला गुंडू मिस्त्रींचं रानमांजर मिळालं!

खोटं नाही सांगत. गोठ्याचं छप्पर उतरवत होतो, तर वाशाच्या खोबणीत चिंधीत बांधलेलं काहीतरी हाताला लागलं. चिंधी आमच्या आबांच्या मुंडाशाची, म्हणजे ठेवणारे आबाच. आत काडतुसाची एक रिकामी पुंगळी. बुडावर कारखान्याचा छाप तीनशे पंचाहत्तर मॅग्नमचा, त्याच्यावर तो रुबाबदार पट्टा, आणि मान बघाल तर पेन्सिल जेमतेम जाईल एवढी आवळलेली. बूड एक सांगतं आणि मान दुसरंच. खांद्यावर तो बारीक चंद्रकोरीसारखा ओरखडाही आहे, तुमच्याकडच्या पुंगळीवर आहे तसाच. भिंग लावून तीनदा बघितलं. पलटणीत आर्मरर म्हणून बंदुका दुरुस्त करण्यात जन्म काढला, पण असलं पितळ माझ्या घरात कधी आलं नव्हतं, अण्णा.

एकच अडचण होती. तोंडात मेण ठासून भरलं होतं, रानातल्या पोळ्याचं, काळं पडलेलं. आत माप घ्यायच्या व्हर्नियरचं टोक जाईना. मग उकळत्या पाण्यात टाकून काढलं. जया चुलीपाशीच होती. म्हणाली, "आबांनी बुजवलंया म्हंजे काय तरी इचार करूनच बुजवलं आसंल की. तुमास्नी लई घाई." मी म्हटलं, आबांनी व्हर्नियर बघितला असता तर त्यांनीही काढलं असतं. आतून पितळ अजून सोन्यासारखं आहे.

मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. तुमच्याशी ताडून बघा आणि फार जळू नका.

तुमचा
भावकू

—

निपाणी
२१ फेब्रुवारी २०२४

प्रिय भावकू,
सप्रेम जयभीम.

जळलो. चांगलाच जळलो. तुझं पत्र वाचून मी असा काही ओरडलो म्हणे, की पारमिता बँकेत निघालेली परत आत आली. तिला वाटलं, अप्पांना झटका आला.

मग तिनं विचारलं, "अप्पा, रिकाम्या पितळेत एवढं काय आहे हो?" तिला बसवून सांगितलं. कारखान्याच्या काडतुसावर ज्यांचं समाधान होत नाही असे काही अवलिये जगभर होऊन गेले. मोठ्या मॅग्नमची पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची, खांदा बदलायचा आणि तिला बसेल अशी रायफल घडवायची. कुठल्याच कारखान्याच्या यादीत त्या काडतुसाचं नाव नसतं, म्हणून शौकीन लोक त्याला रानमांजर म्हणतात. ते पहिल्यांदा उडतं तेव्हा पितळ फुगून त्या रायफलच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसायच्या पोकळीला, आतून चिकटतं आणि कायमचा तोच आकार घेतं, खोडीसकट. गुंडू मिस्त्रींच्या चेंबर कोरायच्या हत्याराचा एक दात तुटका होता, त्याचीच ती चंद्रकोर. तशी रायफल त्यांनी बेळगावात एकच केली, आमच्या निपाणीच्या तंबाखूवाल्या मारुतीरावांसाठी. शिकारबंदीच्या आदल्या साली मारुतीराव तुमच्या रानात शिरले. ते परत आले नाहीत आणि रायफलही आली नाही. माझ्याकडची पुंगळी मिस्त्रींच्या दुकानातल्या चाचणीच्या बाराची, जी भंगारबाजारात आपण दोघांनी एकदमच धरली होती. माझा हात लांब म्हणून माझी झाली. तेव्हापासूनची आपली दोस्ती.

पारमिता म्हणाली, "म्हणजे माणूस गेला, रायफल गेली आणि तिच्या पोटाचा आकार तुमच्या कपाटात! भयंकरच छंद आहे." असू दे.

मापं केसभरही चुकत नाहीत. पण आणखी एक परीक्षा कर. आकार एक तर आतली हवाही तेवढीच, म्हणजे तोंडावरून फुंकर मारली की सूरही एकच निघाला पाहिजे. पारमिता आमच्या भीमगीतांच्या गटात पेटी वाजवते. तिनं माझी पुंगळी वाजवून सांगितलं, वरच्या सप्तकातली काळी दोन. मला अर्थात काही ऐकू आलं नाही. लेथ मशीननं उजवा कान कधीच खाल्ला, डावाही दिवाळीपासून पार गेला; पारमिताचं बोलणं आता तिच्या ओठांवरून वाचतो. परवा समोर कुकर शिट्ट्या मारत राहिला, डाळ करपली आणि मी शांतपणे पेपर वाचत होतो. म्हणून तर तुला पत्रं लिहायला लावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवतोस, ते उत्तर मी धरत नाही.

तुझी पुंगळी वाजव आणि भजनी मंडळाच्या पेटीशी ताडून बघ. तुझे आबा तर मारुतीरावांचे वाटाडे होते. ते दोघं रानात एकमेकांना पुंगळीनंच हाक मारायचे असं तूच सांगितलं होतंस.

धर्मराज

—

नंदगड
४ मार्च २०२४

धर्माण्णांस रामराम.

काळी दोनच! पण ते राहू द्या, त्याहून मोठी बातमी आहे.

दिवेलागणीला घरात शीळ घालू देत नाही जया, म्हणून बांधावर गेलो. पुंगळी ओठाला लावली आणि फुंकली. समोरचा दात पडल्यापासून माझी शीळ शेवटाला चिरकते, तशी चिरकली. पुंगळी खाली घेतली आणि गवळीमाळाच्या रानातून तीच शीळ आली. सूर तोच, पण स्वच्छ, कुठं चिरकणं नाही.

आबांचा नियम तुम्हाला सांगितला होता. रानात नावानं हाक मारायची नाही, पुंगळी वाजवायची. आणि दुसऱ्याची हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, त्या कुणाच्याही असू शकतात. तिसरी आली तर ती माणसाची. मी गप्प राहिलो. थोड्या वेळानं परत आली. गप्पच. मग तिसरी आली, अण्णा! मी ओ दिली.

तुमच्या लक्षात येतंय का? तो सूर दुसऱ्या कुठल्याच पुंगळीतून निघायचा नाही. म्हणजे कुणाकडे तरी तिसरी आहे! आपण म्हातारे झालो तुमच्या एका पुंगळीचं कौतुक करण्यात, दुसरी आत्ता कुठं मिळाली, आणि तिसरी माझ्या शेतासमोरच्या रानात वाजतीय. रात्रभर डोळा लागला नाही आनंदानं.

जयाचं नेहमीचंच चालू आहे. "ज्येनं हाक मारली त्यो गावात का ईना मग? च्या प्यायला ये म्हणावं की," म्हणते. तिला आपल्या छंदवाल्यांचा संकोच काय ठाऊक? ज्याच्याकडे असलं रत्न असतं तो आधी लांबूनच चाचपतो.

भावकू

—

निपाणी
१३ मार्च २०२४

प्रिय भावकू,

जयावहिनींना माझ्याकडून एक गुण जास्त दे. प्रश्न बरोबर विचारला त्यांनी.

तुझ्या रानात कस्तूर नावाचा पक्षी आहे. तो अशी शीळ घालतो की माणूस वळून बघतो. तो नसेल तर एखादा गुराखी पावा वाजवून तुझी गंमत करत असेल. तुझ्या चिरक्या शिळेची नक्कल करत नाही एवढे उपकार समज.

तुला माहीत आहे, आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच भुतंखेतं घराबाहेर काढली आणि ती परत आलेली नाहीत. पण बिबट्यावर माझा विश्वास आहे आणि अस्वलावर तर फारच. म्हणून शिळेच्या मागे जाऊ नकोस. संध्याकाळी तर मुळीच नको.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. वस्तू जपायची म्हणून माणूस चिंधीत बांधतो, तेल लावतो. तोंड मेणानं कशाला भरेल? आबा कधी काही बोलले होते का?

धर्मराज

—

नंदगड
३० मार्च २०२४

धर्माण्णांस रामराम.

कस्तूर पावसाळ्यात गातो, अण्णा. आता शिमगा झालाय. आणि माणसाची शीळ संपेपर्यंत थांबणारा पक्षी मी तरी बघितलेला नाही.

रागावू नका, मी गेलो. भर दुपारी गेलो, लख्ख उन्हात. वाजवत गेलो. समोरची शीळ पुढंपुढं सरकत होती, मी मागं. गवळीमाळावर एक सपाट खडक आहे. तिथं पोचलो आणि शीळ थांबली. खडकाच्या मधोमध पुंगळी ठेवलेली, बुडावर उभी, आपण देव्हाऱ्यात तांब्या ठेवतो तशी. आसपास चिटपाखरू नाही. उचलली तर कोमट होती. उन्हानं असेल. पण बंदुकीच्या दारूचा वास ताजा होता, अण्णा, आजच बार काढल्यासारखा. आणि निवडणुकीमुळं गावातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा आहेत, माझी पीकसंरक्षणाचीसुद्धा. मग बार काढला कुणी आणि कशातून?

म्हणजे रायफल आहे! मारुतीरावांची रायफल कुणीतरी जपून ठेवलीय आणि उघड करायला भितोय. पुंगळी ठेवून मला ओळख दिली त्यानं.

आबांचं विचारलंत म्हणून म्हाताऱ्या यल्लाप्पाकडं गेलो, आबांच्या बरोबरीनं रान तुडवलेला तो एकटाच उरलाय. तो म्हणाला, "मारुतीराव गेल्यावर तुज्या आबाला महिनाभर हाक येत हुती. सांच्याला घरातनं उठून निघायचा, आम्ही धरून आणायचो. त्येनं पुंगळीत मेन भरलं तवा गप झाली बग. तू काढलंस व्हय रं त्ये?" मी हसलो. मारुतीराव असते तर शंभरीला टेकले असते. हे काम त्यांच्या कुणा नातवाचं.

आमचा ओमकार कोल्हापूरला कामावर जाताना निपाणीत उतरेल. त्याच्याबरोबर ही तिसरी पाठवतोय, तुमच्या मापाखालून जाऊ दे. जया माझ्याशी बोलत नाही. "मेन घाला त्येच्यात, न्हायतर माज्या हातचं जेवू नगासा," एवढंच म्हणाली. आता दीपालीच्या हातचं जेवतोय. सून चांगलं वाढते, पण तीही माझ्याकडं बघत नाही.

भावकू

—

निपाणी
८ एप्रिल २०२४

प्रिय भावकू,

ओमकारनं डबा दिला. तुझी तिसरी पुंगळी मापली.

माप तेच. चंद्रकोर तीच. फक्त ती जास्त धारदार आहे. आपल्या दोन पुंगळ्यांवर ती हाताळून बोथट झाली, हिच्यावर बोटाला लागते. असल्या पितळेवर पन्नास वर्षांत जो काळपटपणा चढतो तो कुठंच नाही. बुडावरचा छाप मात्र मिस्त्रींच्या काळातलाच आहे. हे सगळं मी कसंबसं पचवलं असतं.

पण ती आतून ओली होती, भावकू. आपण पुंगळी वाजवून खाली घेतली की आत श्वासाचा ओलावा राहतो, तशी. ओमकारकडं दोन दिवस कापसात बांधलेली होती तरी. मी स्पिरिटनं पुसली आणि कपाटात ठेवली. सकाळी परत ओली. पारमिताला म्हटलं, हवेतल्या दमटपणानं पितळ पाणी धरतं. ती म्हणाली, "मग शेजारचीला का नाही धरत?"

मी घाबरलो आहे. पारमितानं फोन लावून बघितला, तुझा मोबाइल बंद येतो. आडून सांगत नाही, सरळ लिहितो. तुझ्या पुंगळीत आजच मेण भर. आबा अडाणी नव्हते. आपण दोघं शहाणे निघालो, मी तुला वाजवायला सांगितलं आणि तू वाजवलीस.

आणि आता खरी बातमी ऐक. मारुतीरावांची जुनी वखार पाडतायत, तिथं मिस्त्रींचं ते तुटक्या दाताचं हत्यार सापडलंय. मी हातात घेऊन बघितलं. मालक भंगारात घालायला निघालाय, रविवारपर्यंत थांब म्हणून सांगून ठेवलंय. ते तुझं, भावकू. मी हात लांब करणार नाही. फक्त निपाणीला ये. मिळेल ती गाडी धर आणि ये.

तुझा
धर्मराज

—

नंदगड
१९ एप्रिल २०२४

धर्मराज भाऊजींना जयाबाईंचा नमस्कार.

मी दीपाली लिहिते आहे, सासूबाई सांगतील तसं. त्या म्हणतात, शब्द बदलू नकोस.

"भाऊजी, ह्ये गेलं. गेल्या शुक्रवारी दुपारच्याला जेवून हात धुतलं आन बांधावर जाऊन हुबारलं. मी म्हागनं गेले. मला काय ऐकू आलं न्हाय, पर ह्येंनी तीन बोटं वर केली. 'तिसरी आली, जया. माणूसच हाय,' म्हणालं, आन पोरागत हसत गेलं. मी लई हाका मारल्या. वळूनबी बगितलं न्हाय.

"ओमकार आला, फारेस्टची मानसं आली, पोलिस आलं. समदं रान पालथं घातलं. त्या खडकावर चपला गावल्या, द्येवळाभाईर काडून ठेवल्यागत, जोडीनं. बाकी काय न्हाय.

"तुमचं पत्र शनवारी आलं. दीपालीनं सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं. येक दिस आदी आलं असतं तर त्या हत्यारासाठी ह्ये पळत आलं असतं निपाणीला. मी पदर तोंडात घालून रडले.

"आता रोज दिवेलागणीला मला ऐकू येतीया. ह्येंचीच हाय, शेवटाला चिरकतीया. पयल्या दिशी मी खुळ्यागत धावत सुटले, दीपालीनं मिठी मारून धरलं. मग तिच्या म्हागनं दुसरी येती, सवच्छ. दोगं बोलत्यात. पर शनवारी तुमचं पत्र वाचल्यापास्नं ह्येंची शीळ रानातनं येत न्हाय. रस्त्याच्या अंगाला सरकाय लागलीया. काल पार खानापूरच्या बाजूनं आली.

"भाऊजी, हितं येऊ नगासा. तुमच्याकडं दोन हाईत त्येंची तोंडं आजच्या आज मेनानं बुजवा. आन तुमाला हाक आली तर तिसरीलाबी ओ देऊ नगासा. आबांचा नियम खोटा हाय. तिसरी खोटी हाय."

सासूबाई एवढंच बोलल्या. काका, मलाही दोन दिवसांपासून ऐकू येतं. पण शीळ आता फार लांब गेली आहे.

दीपाली

—

निपाणी
२८ एप्रिल २०२४

जयावहिनींना धर्मराजचा जयभीम.

तुमचं पत्र मिळाल्या दिवशीच विहारातल्या मेणबत्त्या वितळवून दोन्ही पुंगळ्यांची तोंडं बुजवली. पारमितानं फुंकून खात्री केली. मग डब्यात घालून डबा तांदळाच्या कोठीत पुरला.

आज रविवार. सकाळी पेपर वाचत होतो आणि शीळ ऐकू आली.

तुम्हाला माहीत आहे, मला काहीच ऐकू येत नाही. म्हणून आधी आनंदच झाला, कान परत आला असं वाटलं. पारमिताला म्हटलं, ताट आपट. तिनं फरशीवर ताट आपटलं, ते गरगरताना दिसलं, आवाज आला नाही. मग दुसऱ्यांदा शीळ आली. कोठीकडून आली आणि शेवटाला चिरकली. पारमिता कोठीला हात टेकून उभी होती. तिला काही ऐकू आलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि रडायला लागली.

तेव्हापासून हे पत्र लिहीत बसलो आहे, हात कशाततरी गुंतलेला राहावा म्हणून.

वहिनी, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. ते हत्यार सापडलं नव्हतं. वखार पाडतायत हे खरं, बाकी सगळं मी रचलं होतं, भावकूला रानातून ओढून काढायला. दुसऱ्या कशानं तो आला नसता. दीपालीनं ते पत्र शनिवारी सोप्यात मोठ्यानं वाचलं आणि त्याच दिवसापासून त्याची शीळ रस्त्याला लागली, असं तुम्हीच लिहिलंय. मी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ज्याला मी ये म्हणून लिहिलं तो निघाला, एवढाच त्याचा अर्थ होतो. भंगारबाजारात आमची गाठ पडली तेव्हापासून त्यानं माझं एकही पत्र बिनउत्तराचं ठेवलेलं नाही. हेही ठेवलं नाही त्यानं.

तिसरी खोटी असते हे मला पटतं. कशावर विश्वास न ठेवणारा मी, तुमच्या या शब्दावर ठेवतो. पण वहिनी, मीच त्याला बोलावलंय. खोटं सांगून बोलावलंय. एवढ्या लांबून चालत आलेल्या माणसाला दारात उभं करून आतून गप्प बसणं मला जमेल असं वाटत नाही. मी फार प्रयत्न करतोय.

पारमिता दुधाला गेली आहे. तिला मी बरा आहे असं सांगितलं.

तिसरी आली. कोठीतून नाही, दारातून. चिरकली, आणि मग तो नेहमी थांबतो तसा थांबला, माझ्या उत्तरासाठी.

डबा काढला आहे. मेण विणायच्या सुईनं सहज निघालं.

वहिनी, मी ओ दिली.

धर्मराज